दसऱ्याचं ताट : डावी बाजू आणि गोड, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

दसऱ्याला कोल्हापुरात दुपारचं जेवण रेंगाळवून चालत नाही. सूर्यास्ताला दसरा चौकात सोनं लुटायचं असतं. त्याआधी आवरायचं, नवे कपडे घालायचे, गाडी लावायला जागा शोधायची, हे सगळं आलंच. म्हणजे नैवेद्य बाराच्या आसपास आणि पंगत साडेबारा-एकला. आठ माणसांचं ताट त्या वेळेत लावायचंय आणि स्वयंपाकघर पहिल्यांदाच आपल्या ताब्यात आलंय, अशा माणसासाठी हे लिहिलं आहे.

वरण-भात, पुऱ्या, मसालेभात यांचं फारसं अडत नाही. घरातलं कुणीतरी ते सांभाळतं, नाहीतर फोनवरून सांगतं. अडतं ते ताटाच्या डाव्या बाजूला: चटणी, कोशिंबीर, भरीत, वडी, कुरडई. आणि वाटीतल्या गोडाला. यातला एकही पदार्थ अवघड नाही, पण साडेअकराला सगळ्यांनाच एकदम तुमचा हात हवा असतो. शिवाय हे पदार्थ बिघडतात ते बहुतेक वेळा मीठ, दही किंवा गूळ चुकीच्या वेळी पडल्यामुळे. प्रमाण थोडं इकडं-तिकडं झालं तर खपून जातं, वेळ चुकली तर खपत नाही. म्हणून खाली प्रत्येक पदार्थात या तिघांची वेळ मुद्दाम सांगितली आहे.

सगळी मापं आठ मोठ्या माणसांची आहेत. वाटी म्हणजे १५० मिली, चमचा म्हणजे चहाचा ५ मिलीचा, मोठा चमचा १५ मिलीचा. घरात छोटा वजनकाटा असेल तर बाहेर काढून ठेवा. श्रीखंडाला तो लागतोच.

काय करायचं आणि काय नाही

पहिल्या खेपेला एक कोशिंबीर, एक भरीत, एक ओली चटणी, कोथिंबीर वडी, कुरडई-पापड आणि एक गोड एवढं पुरे. श्रीखंड आणि खीर दोन्ही करायची हौस असेल तर दोन्हींचं प्रमाण निम्मं करा. दोन्ही पूर्ण केलीत तर दोन्ही उरतात, कारण पुरीबरोबर श्रीखंड खाल्लेला माणूस खिरीची वाटी नुसती पुढं-मागं करतो. गरम भजी पहिल्या वर्षी टाळलेली बरी. भजी करणारा माणूस पंगत उठेपर्यंत कढईपुढून हलू शकत नाही. कोथिंबीर वडी आदल्या दिवशी उकडून ठेवता येते आणि खमंगपणात भज्याला हार जात नाही.

बासुंदीही पहिल्यांदा नकोच. दोन लिटर म्हशीचं दूध निम्म्यावर आणायला रुंद भांड्यातसुद्धा तासभर उलथनं हलवत उभं राहावं लागतं, आणि तळ एकदा लागला की जळका वास कशानंही जात नाही.

भाजी आणि धान्याची खरेदी आदल्या दिवशी सकाळी उरका. कपिलतीर्थ मंडई आणि लक्ष्मीपुरीत त्या संध्याकाळी झेंडूच्या ढिगांतून वाट काढावी लागते, आणि कोथिंबिरीच्या चांगल्या जुड्या तोवर गेलेल्या असतात. काकड्या कोवळ्या, हाताच्या वितीएवढ्याच घ्या. जाड काकडीत बिया मोठ्या असतात आणि पाणी जास्त सुटतं. लाल भोपळ्याची फोड घट्ट, गडद केशरी गराची बघा.

श्रीखंड

श्रीखंडाला आदल्या दिवशी हात घालून भागत नाही. दसऱ्याच्या दोन दिवस आधीच्या रात्री दही लागलं पाहिजे. अष्टमी-नवमीच्या तिथी कधी जोडून येतात, म्हणून तिथी न बघता दिवस उलटे मोजा.

दोन लिटर म्हशीचं दूध सायीसकट तापवा. बोट दहा सेकंद सहज ठेवता येईल इतकं कोमट झालं की दोन मोठे चमचे ताजं, गोड दही त्यात घुसळून घाला. दूध जास्त गरम असेल तर दही चोथा-पाणी होतं, फार गार असेल तर विरजण लागतच नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात सहा-सात तासांत दही लागतं. लागल्या लागल्या फ्रीजमध्ये ठेवा. 'राहू दे अजून जरा' म्हणून ओट्यावर ठेवलेलं दही दुपारपर्यंत आंबट होतं, आणि ती आंबटाई कितीही साखर घातली तरी मागं उरतेच.

तासभर गार झालेलं दही दुहेरी मलमलच्या किंवा जुन्या, मऊ सुती कापडात बांधा. कापड नुसत्या गरम पाण्यात उकळून घेतलेलं हवं; साबणाचा वास चक्क्यात, म्हणजे पाणी निथळलेल्या घट्ट दह्यात, हमखास उतरतो. पहिले दोन-तीन तास नळाला टांगा, म्हणजे बरंचसं पाणी निघून जाईल. मग पुरचुंडी चाळणीत ठेवा, खाली पातेलं, वर ताटली आणि ताटलीवर पाण्यानं भरलेला तांब्या, आणि हे सगळं फ्रीजमध्ये. दिवसभर बाहेर टांगून ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण बाहेर पाणी गळतं तसं दही आंबतही राहतं. एकूण दहा-बारा तासांत चक्का तयार होतो. कापड सोडल्यावर चक्का कापडापासून स्वच्छ सुटला आणि बोटाला ओल लागली नाही, की झालं.

दोन लिटर दुधाचा साधारण ७५० ते ८५० ग्रॅम चक्का पडतो. दुधात स्निग्धांश किती आणि पाणी किती गळलं यावर तो बदलतो, म्हणून इथं अंदाज नको, वजन करा. जुन्या हातांचं प्रमाण चक्क्याइतकीच साखर असं आहे. गोड चक्क्याला ते जड होतं. एक किलो चक्क्याला ८०० ग्रॅम साखर धरा, म्हणजे ८०० ग्रॅम चक्क्याला साधारण ६५० ग्रॅम. चक्का थोडा आंबट असेल तर बरोबरीनं घ्या.

साखर चक्क्यात हातानं कालवा, झाका आणि फ्रीजमध्ये तासभर विसरा. मिश्रण सैल झालेलं दिसेल, घाबरू नका. साखर विरघळली की पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून गाळा. साखर विरघळायच्या आधी गाळलं तर श्रीखंड दाताखाली कचकचतं. कोमट दुधाच्या एका मोठ्या चमच्यात १५-२० काड्या केशर आधीच भिजवून ठेवा. ते, एक चमचा वेलचीपूड, पाव चमचा किसलेलं जायफळ आणि चिमूटभर मीठ घालून ढवळा, आणि पुन्हा तीन-चार तास फ्रीजमध्ये ठेवा. गार झाल्यावर ते परत घट्ट होतं.

मिक्सर वापरू नका. पात्यांच्या वेगानं चक्क्याची बांधणी मोडते, श्रीखंड पातळ होतं आणि मग फ्रीजमध्येही पुरतं सावरत नाही. तरी पातळ झालंच तर दोन-तीन मोठे चमचे दुधाची पावडर गुठळ्या न करता मिसळा आणि गार करा. साखर पडल्यावर पुन्हा कापडात बांधायचं मात्र मनातही आणू नका, सगळा गोडवा पाण्याबरोबर खाली जाईल. उलट चक्का फार कोरडा, रवाळ झाला असेल तर दोन चमचे साय घालून गाळा.

एवढा वेळ नसेल तर डेअरीतून तयार चक्का आणायला काहीच कमीपणा नाही. सणाला तो लवकर संपतो, चार दिवस आधी सांगून ठेवा. घेताना चव घ्या, आणि घरी आणल्यावर ओलसर वाटला तर दोन तास कापडात ठेवून मगच वजन करा. ओल्या चक्क्याच्या वजनावर साखर घातली की श्रीखंड गोड आणि पातळ, दोन्ही होतं.

खपली गव्हाची खीर

श्रीखंड महाराष्ट्रात कुठंही मिळेल. कोल्हापूरच्या बाजूला सणाचं म्हणून ओळखलं जाणारं गोड ही खीर. हिला चक्क्यासारखी दोन दिवसांची तयारी लागत नाही, बिघडली तर सावरता येते, आणि इथला गूळ खपवायला याहून चांगली जागा नाही. नवख्यानं एकच गोड करायचं असेल तर आमचं मत खिरीलाच.

दुकानात 'खिरीचे गहू' किंवा 'सडलेली खपली' असं मागा. खपलीचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं; सडून, म्हणजे कांडून, ते निघालेलं असेल तरच दाणा नीट शिजतो. साधे गहू आणून खपलीची खीर होत नाही, चिकट लापशी होते.

२५० ग्रॅम गहू, म्हणजे साधारण दोन वाट्या, तीन-चार पाण्यांनी धुऊन आदल्या रात्री भरपूर पाण्यात भिजवा. सकाळी ते पाणी टाका. कुकरमध्ये थेट सात-आठ वाट्या पाणी, गहू आणि एक चमचा तूप घाला; तुपामुळं फेस कमी येतो. कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू देऊ नका. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या, मग मंद आचेवर अर्धा तास. वाफ आपोआप जिरू द्या. दाणा बोटांत सहज चिरडला पाहिजे. मध्ये कण लागत असेल तर वाटीभर गरम पाणी घालून पुन्हा पंधरा मिनिटं शिजवा.

ही परीक्षा गूळ घालण्याच्या आधी, आणि काटेकोर घ्या. गूळ पडल्यावर दाणा पुढं मऊ होत नाही, कितीही आटवलं तरी. खीर 'चावरी' झाली अशी तक्रार येते तिचं कारण दहात नऊ वेळा हेच असतं.

शिजलेले गहू रवीनं किंवा पळीच्या पाठीनं अर्धवट घोटा. काही दाणे अख्खे राहिले पाहिजेत, सगळंच घोटलं तर पिठल्यासारखं दिसतं. आता ३०० ग्रॅम चिरलेला गूळ.

गुळाबद्दल दोन शब्द. मार्केट यार्डात सौदे होतात ते मोठ्या रव्यांचे, म्हणजे मोठ्या ढेपांचे. आपल्याला किरकोळ दुकानातली एक किलोची छोटी ढेप पुरते. पिवळाधमक, चकचकीत गूळ बघून भुलू नका. रंग उजळायला रसायनं वापरलेली असू शकतात. तांबूस-तपकिरी, नखानं खरवडल्यावर रवाळ सुटणारा गूळ खिरीला चांगला. खडा तोंडात टाकून बघाच, कारण काही गूळ खारट असतो आणि दुधाच्या पदार्थात तो खारटपणा लगेच कळतो. नव्या हंगामातली गुऱ्हाळं दसरा-दिवाळीच्या सुमारास पेटू लागतात, त्यामुळं दसऱ्याला हाती येतो तो बहुधा गेल्या हंगामातला गूळ. तो जास्त गडद असतो, चवीला काही वाईट नसतो. कचऱ्याची शंका असेल तर अर्धी वाटी पाण्यात विरघळवून गाळून घ्या.

गूळ घातल्यावर मंद आचेवर दहा-बारा मिनिटं ढवळत राहा. मिश्रण फुटतं आणि हातावर उडतं, म्हणून लांब दांड्याचा डाव घ्या. एक वाटी ओलं खोबरं, एक मोठा चमचा भाजून कुटलेली खसखस, एक चमचा वेलची, अर्धा चमचा सुंठ, अर्धा चमचा जाडसर कुटलेली बडीशेप, थोडं जायफळ आणि चिमूटभर मीठ घाला. पाच मिनिटांनी गॅस बंद. बडीशेप आणि सुंठ वगळू नका, त्या नसल्या तर खीर नुसती गोड लागते.

दूध पातेल्यात घालायचं नाही. गूळ किंचित आंबट असतो, आणि उकळत्या खिरीत दूध पडलं की ते फाटतं. वाटीत खीर वाढा, वर कोमट दूध, वर तुपाची धार. ज्याला जसं पातळ हवं तसं तो करून घेईल. आधीच मिसळून ठेवायचं असेल तर खीर आणि दूध दोन्ही कोमट झाल्यावर मिसळा आणि पुन्हा उकळू नका. गार झाल्यावर खीर फार घट्ट होते. अर्धी वाटी गरम पाणी घालून हलवली की सैल होते.

ऐन वेळी चार पाहुणे वाढले तर शेवयांची खीर वाचवते. दोन मोठे चमचे तुपात वाटीभर शेवया मंद आचेवर तांबूस भाजायच्या, सव्वा लिटर गरम दूध ओतायचं, दहा मिनिटं शिजवून १२० ग्रॅम साखर आणि वेलची. वाढण्याच्या वेळेपर्यंत शेवया दूध पितात, म्हणून गॅस बंद करताना खीर हवी त्यापेक्षा पातळ दिसली पाहिजे.

कोथिंबीर वडी

मोठी जुडी निवडून, धुऊन, पंच्यावर पसरून पूर्ण कोरडी करा. ओली कोथिंबीर चिरली की पीठ सैल होतं, मग बेसन वाढवावं लागतं, आणि वडी बेसनाची होते. चिरलेली कोथिंबीर तीन वाट्या दाबून, बेसन दीड वाटी, तांदळाचं पीठ दोन मोठे चमचे, आलं-मिरचीचा ठेचा एक मोठा चमचा, तीळ एक मोठा चमचा, अर्धा चमचा हळद, सुपारीएवढा गूळ, एक चमचा मीठ, दोन चमचे कडकडीत तेल.

पाणी घालायच्या आधी हे सगळं कालवून दहा मिनिटं ठेवा. मिठानं कोथिंबिरीला पाणी सुटतं. त्यातच बरंचसं पीठ भिजतं, वर दोन ते चार मोठे चमचे पाणी पुरतं. तेल लावलेल्या थाळीत एक बोट जाड थापा आणि मोदकपात्रात किंवा शिटी काढलेल्या कुकरमध्ये पंधरा ते अठरा मिनिटं वाफवा. सुरी कोरडी निघाली पाहिजे.

गरम असताना कापू नका, चुरा होईल. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी कापली की कडा सरळ येतात. दसऱ्याच्या दिवशी तव्यावर तीन-चार मोठे चमचे तेल टाकून दोन्ही बाजूंनी तांबूस करा, बस. तळण काढायची गरज नाही.

खमंग काकडी

पाव-अर्धा किलोत कोशिंबीर होते, पण जरा जास्तच करा; गोडाबरोबर लोक ती दोनदा मागतात. साधारण ६०० ग्रॅम काकडी, अर्धी वाटी दाण्याचं कूट, पाव वाटी ओलं खोबरं, एका लिंबाचा रस, एक चमचा साखर, पाऊण चमचा मीठ. फोडणीला एक मोठा चमचा तूप, एक चमचा जिरं, दोन हिरव्या मिरच्या, चिमूटभर हिंग.

प्रत्येक काकडीचा तुकडा चाखा. एक कडू काकडी आख्खं पातेलं घालवते. काकडी किसू नका, चोचवा: काकडी हातात उभी धरून सुरीनं वरून बारीक उभे घाव द्यायचे आणि मग आडवी कापायची, म्हणजे बारीक, कुरकुरीत तुकडे पडतात. किसलेली काकडी पाणी सोडून लगदा होते. हात बसला नसेल तर बारीक चिरा, बोट कापून घ्यायची घाई करू नका.

तुकडे मुठीत हलके पिळून ठेवा. ते पाणी टाकू नका, ताकात घाला. कूट, खोबरं आणि फोडणी अकरापर्यंत वेगवेगळी तयार असू द्या. मीठ, साखर, लिंबू मात्र पानं मांडल्यावर. मीठ लागल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत काकडी पाण्यात पोहायला लागते. नैवेद्याच्या वाटीपुरती आधी वेगळी कालवा, बाकीची नंतर.

कूट घरचं हवं. दाणे मंद आचेवर साल काळपट ठिपक्यांची होईपर्यंत भाजा, गार करा, मग मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. गरम दाणे सलग फिरवले की तेल सुटून गोळा होतो.

भोपळ्याचं भरीत

४०० ग्रॅम लाल भोपळा साल काढून मोठ्या फोडी करा आणि वाफवा. पाण्यात उकडला तर फोडी पाणी धरतात आणि भरीत दह्यात वाहतं. डब्यात पाणी न घालता कुकरमध्ये दोन शिट्ट्या पुरतात. काट्यानं ठेचून पूर्ण गार करा.

याची खरी चव फेसलेल्या मोहरीत आहे. एक चमचा मोहरी दोन-तीन चमचे थंड पाण्याबरोबर खलात किंवा छोट्या भांड्यात वाटा, नाकात झिणझिणी येईपर्यंत. पाणी गरम घेतलं तर तो झणका येतच नाही. उष्णतेनं मोहरीतला तिखटपणा तयार होणं थांबतं. त्यामुळं ही मोहरी गरम भोपळ्यातही घालायची नाही.

गार भोपळ्यात मोहरी, एक चिरलेली मिरची, एक चमचा साखर, कोथिंबीर. दही एक वाटी, घट्ट आणि गोड, आणि अर्धा चमचा मीठ वाढण्याच्या अर्धा तास आधी. गरम भोपळ्यात दही पडलं की ते फुटून पाणी वेगळं होतं.

चटणी, आणि खर्डा वेगळा

नैवेद्याच्या पानात कांदा-लसूण नसतो, म्हणून ओल्या नारळाची चटणी. एका नारळाचं खोबरं साधारण दोन वाट्या, तपकिरी पाठ खरवडून. चार हिरव्या मिरच्या (लवंगी असतील तर दोन), अर्धी वाटी कोथिंबीर, बोटाच्या पेराएवढं आलं, दोन मोठे चमचे डाळं, एक चमचा साखर, मीठ. तीन-चार चमचे थंड पाणी घालून थांबत थांबत वाटा. डाळं वगळलं तर तासाभरात चटणीभोवती पाण्याचं तळं साचतं. लिंबू वाटून झाल्यावर पिळा, आधी पिळलं तर हिरवा रंग मळकट होतो. खोबरं उकाड्यात लवकर आंबतं, म्हणून ही चटणी सकाळी करून फ्रीजमध्ये.

पण कोल्हापुरात ताटाशी खर्डा नसला तर एखादा काका मान वर करून बघणारच. तो नैवेद्य दाखवून झाल्यावर वेगळ्या वाटीत येऊ द्या. पंधरा हिरव्या मिरच्यांना एकेक चीर पाडा, चीर न पाडलेली मिरची तव्यावर फुटून तेलासकट उडते. लोखंडी तव्यावर दोन चमचे तेलात मिरच्या पांढरट डाग पडेपर्यंत परता, बारा लसूण पाकळ्या आणि मूठभर दाणे घाला, दोन मिनिटांनी एक चमचा खडे मीठ. गॅस बंद करून तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडा. मिक्सरमधून काढलेल्या खर्ड्याचा गुळगुळीत गोळा होतो आणि चवही पळते. खिडकी उघडी ठेवा, लहान मुलांना बाहेर काढा. हा आदल्या रात्री केला तरी चालतो.

कुरडई-पापड आणि बटाटा

कुरडईला तेल कडक तापलेलं लागतं. छोटा तुकडा टाकला की क्षणात फुलून वर आला पाहिजे. तळाशी रेंगाळला तर तेल गार आहे, आणि तशी तळलेली कुरडई मध्ये कच्ची, टणक राहते. लगेच लाल झाला तर आच उतरवा. एका वेळी एकच. तासभर आधी तळून, पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम भरली तर स्वतःच्या वाफेनंच सादळते.

पिवळ्या बटाट्याच्या भाजीला किलोभर बटाटे आदल्या रात्री उकडून फ्रीजमध्ये टाका. गार बटाट्याच्या फोडी परतताना मोडत नाहीत. बाकी त्यात शिकवण्यासारखं काही नाही.

त्या सकाळी

साडेआठला गहू कुकरला, आणि त्याच वेळी शेजारच्या शेगडीवर भोपळा. श्रीखंड असेल तर ते आदल्या रात्रीच गाळून झालेलं हवं, सकाळी त्याला हातच लावायचा नाही. गहू शिजेपर्यंत चटणी वाटून होते आणि काकड्या चोचवून होतात. दहाला गूळ. पावणेअकराला तळण आणि वड्या, कारण साडेअकरानंतर शेगड्या वरण आणि पुऱ्यांना लागतात. दोन शेगड्यांच्या घरात हीच सर्वांत मोठी अडचण, आणि ती ओळखली नाही तर सगळं तयार असूनही पंगत दोनला बसते. साडेअकराला भोपळ्याच्या भरतात दही. बाराला नैवेद्याचं पान. पाटावर माणसं बसायला लागली की काकडीत मीठ आणि लिंबू.

वाढताना डाव्या हाताला वरून मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भरीत, वडी, कुरडई. उजवीकडं भाजी. घराघरात थोडा फरक असतो, सासरचं-माहेरचं काय ते आधी विचारून घ्या, पान मांडल्यावर नको.

उरलेल्या श्रीखंडाला कोरडाच चमचा लावा, फ्रीजमध्ये चार-पाच दिवस ते चांगलं राहतं. चक्क्याचं निथळलेलं पाणी थालीपिठाच्या किंवा पुऱ्यांच्या कणकेत जिरतं. खीर बिनदुधाची असेल तर दुसऱ्या दिवशी गरम करून खाता येते. दूध मिसळलेली त्याच संध्याकाळी संपवा. मीठ लागलेली काकडी आणि दही घातलेलं भरीत मात्र ठेवू नका. ओल्या नारळाच्या चटणीला वास न येता ती उरली असेल तर रात्री कढईत तेलावर परतून घ्या, आणि चौकातून परत आलेल्यांना भाकरीबरोबर द्या.